शहाण्णवाव्या पानानंतर

दाभणकाकांनी एकतीस वर्षांत वाचनालयातली हजारो पुस्तकं उसवली, शिवली, चिकटवली आणि नव्या पुठ्ठ्यांत घातली. पण त्यांतलं एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय ते कशाला बघावं? केस नीट कापले की झालं."

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. पुठ्ठ्याला भोकं पाडायची जाडजूड सुई, म्हणजे दाभण, कायम कोटाच्या कॉलरला खोचलेली असायची, म्हणून ते दाभणकाका. जिन्याखालच्या दाराने आत गेलं की त्यांची बांधणीची खोली लागायची. लांबुळकं टेबल, पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र, खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं, आणि मागच्या अंगणाकडे उघडणारी एकच मोठी खिडकी.

वाचनालय दुमजली. खाली कथा-कादंबऱ्या आणि वर विज्ञानाची पुस्तकं. तारे, किडेमुंग्या, ज्वालामुखी, मेंदू, समुद्र, सगळं साध्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलेलं. पण साधा माणूस वर फिरकेल तर शपथ. जिन्याच्या खालच्या सात पायऱ्या लोकांच्या बसण्याने गुळगुळीत झाल्या होत्या, कारण कादंबरी हातात पडली की घरी पोचेपर्यंत कुणाला दम निघायचा नाही. वरच्या पायऱ्यांचं पॉलिश मात्र अजून शाबूत होतं.

न वाचताही काकांना पुस्तकं कळायची ती हाताने. कादंबरी दुरुस्तीला यायची तेव्हा अगदी माणसाळलेली असायची. कोपरे दुमडलेले, मधे कुणाचा तरी लांब केस, एखाद्या पानावर वाळून खरखरीत झालेला थेंब. प्रत्येक कादंबरीचा कणा एका ठरावीक जागी मोडायचा. तिथे काहीतरी घडलेलं असणार एवढं ते ओळखायचे, पण काय घडलं ते त्यांनी कधी पाहिलं नाही. वरच्या मजल्यावरची पुस्तकं पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशांसारखी, न वापरताच जुनी व्हायची. त्यांत एखादंच पान मऊ पडलेलं असायचं. पानभर चंद्राचं चित्र, नाहीतर देवमाशाचं हृदय.

गेल्या दीड वर्षात काकांना हाताचाच आधार उरला होता. डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं. सुरुवातीला वाटलं, चष्म्यावर खळ उडाली असेल. चष्मा पुसला, पुन्हा पुसला, धुकं जागचं हललं नाही. पाण्यात थेंब थेंब दूध सांडावं तसं ते वाढत गेलं. दिव्यांभोवती कडी दिसू लागली. अंगणातलं झाड भिंतीत विरघळलं. निळा रंग तर कधी गेला ते कळलंच नाही, करडं कापड समजून त्यांनी बारा पुस्तकांना निळं कापड लावलं, आणि ग्रंथपालबाई म्हणाल्या, "वा काका, यंदा रंगीत!" तेव्हा त्यांनी कापड पुन्हा डोळ्यांशी नेऊन पाहिलं.

तरी खरं सांगायचं तर त्या धुक्यात एक गोडवाही होता. दुपारी खिडकीतून उजेड आत यायचा तो जाड, सायीसारखा. माणसं आधी नुसता रंग होऊन यायची, मग आवाज होऊन, आणि अगदी जवळ आल्यावर माणसं व्हायची. शिवताना कधीकधी काकांना वाटायचं, आपण जागे नाही, कुठल्यातरी लांबलचक, शांत स्वप्नात बसून दोरा ओढतोय. मग दोरा अडायचा आणि ते दचकून टाका चाचपायचे.

डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते, त्यालाही कारण होतं. त्यांच्या वडिलांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, ते बिघडलं, आणि उरलेली नऊ वर्षं भिंत चाचपत काढली. तेव्हा काका शाळेत होते. वडिलांचा हात धरून त्यांना फिरवून आणायचं काम काकांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. आता काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ती दोघं भावंडंच एका घरात राहत होती. अक्का सत्तरीची, जिभेला धार, पण डोळ्यांचा विषय निघाला की तीही गप्प.

घोळ झाला तो चार महिन्यांपूर्वी. एक कादंबरी आणि समुद्रावरचं एक पुस्तक एकाच दिवशी दुरुस्तीला आली. दोन्ही एकाच छापखान्यातली, एकाच मापाची, कागद सारखाच पिवळा पडलेला. काकांनी दोन्ही उसवली. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, एकीवर एक रचून शिवलेल्या. त्यांना फर्मे म्हणतात. काकांनी भिंगाखाली फक्त पानांचे आकडे बघितले, नेहमीसारखे. ऐंशीनंतर एक्क्याऐंशी, शहाण्णवनंतर सत्त्याण्णव. आकडे ओळीने लागले, काका निर्धास्त झाले, आणि दोन्ही पुस्तकं पक्की शिवून त्यांनी दाबाखाली ठेवून दिली.

एका सकाळी ग्रंथपालबाई खोलीत आल्या. चाळिशीच्या, शिस्तीच्या, किल्ल्यांच्या आवाजावरून त्या आल्याचं काकांना कळायचं. त्यांनी टेबलावर पुस्तक ठेवलं, वर एक चिठ्ठी.

"दुर्बिणीची तक्रार आहे," त्या म्हणाल्या.

दुर्बीण म्हणजे वरच्या मजल्यावरचे एकमेव नेमाने येणारे वाचक. निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर जमिनी मोजल्या, आता पुस्तकांतल्या चुका मोजायचे.

"काय लिहिलंय?" काकांनी विचारलं.

"वाचा की."

"चष्मा... तुम्हीच वाचा."

बाईंनी वाचलं. "सत्त्याण्णवाव्या पानापासून समुद्राच्या तळाशी सासू-सुना कपाटाच्या किल्लीवरून भांडत आहेत. हा संसार अठ्ठेचाळीस पानं चालतो. मासे कुठे गेले याचा खुलासा व्हावा."

एरवी काका खो खो हसले असते. आता त्यांनी पुस्तकावरून नुसता हात फिरवला. बांधणी चोख होती. मेलं ते चोखपणही अंगावर आलं.

"वारा आला असेल. फर्मे उडाले असतील."

"बरोब्बर अठ्ठेचाळीस पानं उडवणारा वारा?" बाईंचा आवाज खाली आला. "काका, डोळ्यांचं काही आहे का?"

"छे! काहीतरीच."

बाईंनी चिठ्ठी घडी करून पुस्तकात ठेवली. मग म्हणाल्या, "या पुस्तकातली पानं त्या कादंबरीत गेली असणार. ती कादंबरी अजून बाहेर आहे. एका बाईंनी चार वेळा मुदत वाढवून घेतलीय. मधली अठ्ठेचाळीस पानं नुसते मासे, आणि त्यांची एका शब्दाची तक्रार नाही. मला तर हे कोडंच आहे."

"मी आणतो जाऊन," काका पटकन म्हणाले. चूक आपली, तर बोलणीही आपणच खावीत.

पत्ता जवळचाच होता. दोन गल्ल्या ओलांडून, रंगाऱ्याच्या दुकानावरचा मजला. काका भिंतीच्या कडेकडेने चालले. ऊन पडलं होतं आणि धुक्यात ऊन मिसळलं की सगळा रस्ता पेटवलेल्या कंदिलाच्या आतल्यासारखा दिसायचा. समोरून सायकल आली ती घंटा होऊन आली आणि तशीच गेली. जिना ते मोजत चढले. वर शिवणाच्या यंत्राचा आवाज येत होता; थांबत, धावत, पुन्हा थांबत.

खोलीत दोरीवर अर्धवट शिवलेले पडदे टांगले होते. त्यांच्यातून गाळून येणारा उजेड हिरवट, हलता. काकांना क्षणभर वाटलं, आपण पाण्याखालीच आलो.

"दोन मिनिटं," कुणीतरी दातांत टाचण्या धरून बोलावं तसं बोललं. मग टाचण्या डबीत पडल्याचा आवाज झाला. "हं, बोला. माप आणलंय?"

"मी वाचनालयातून आलोय. तुमच्याकडे एक कादंबरी आहे..."

"मुदत वाढवून घेतलीय मी."

"मुदतीचं नाही. मी ती बांधली. बांधताना चुकलो." एकदा तोंड उघडल्यावर काकांनी सगळंच सांगून टाकलं. दुसऱ्या पुस्तकाचे तीन फर्मे, दुर्बिणीची चिठ्ठी, सासू-सुना, सगळं.

शिवणबाई हसल्या नाहीत. गल्लीत त्यांना याच नावाने ओळखायचे. पंचावन्न-छप्पन्नच्या, गळ्यात मापाची फीत, चष्मा कपाळावर. त्यांनी कपड्यांच्या गठ्ठ्याखालून कादंबरी काढली आणि मांडीवर घेतली.

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मी अडाणी नाही. लेखक असा एकदम मासे मोजायला लागत नाही."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"बसा. ऐका." त्यांनी पुस्तक उघडलं. ते जिथे आपसूक उघडलं ती जागा काकांना कानांनीही कळली. तिथे कणा मोडायला लागला होता. "ही बाई घरातून निघते बघा. नवऱ्याशी काही भांडण नाही, तंटा नाही. नुसती निघते. शहाण्णव पान संपतं तिथे असं आहे: 'तिने दिवा हातात घेतला आणि ती पायऱ्या उतरू लागली. खाली...' आणि समोरच्याच पानावर, 'काही मीटरनंतरच उजेड झपाट्याने ओसरू लागतो. रंग एकेक करून विझतात. सर्वांत आधी तांबडा.'"

काका कान देऊन ऐकू लागले. एकतीस वर्षांत त्यांना कुणी पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं. शिवणबाईंचा आवाज साधा होता, कापड कापणाऱ्या कात्रीसारखा एका वेगाने पुढे जाणारा. अंधारात स्वतःचा दिवा लावून हिंडणारे मासे आले. खूप खोल तळावर रात्रंदिवस पडत राहणारं एक प्रकारचं हिम आलं. वरच्या जिवांचे बारीक बारीक कण, एकमेकांना चिकटत, सावकाश खाली येणारे. वरून निघालेल्या कणाला तळाशी टेकायला आठवडेच्या आठवडे लागतात, असं त्यात होतं. पडदे हलत होते. ती दिवा घेतलेली बाई त्या सगळ्यातून उतरत चालली आहे, असं काकांना स्वच्छ दिसलं. गेल्या दीड वर्षात इतकं स्वच्छ त्यांना काही दिसलं नव्हतं.

"आणि मग एकशे पंचेचाळीस," शिवणबाई म्हणाल्या. "'परत आली तेव्हा तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. कुणी काही विचारलं नाही.'"

त्यांनी पुस्तक मिटलं.

"माझी धाकटी बहीण अशीच गेली होती. अकरा वर्षं. पत्र नाही, निरोप नाही. एक दिवस दारात उभी. मी म्हटलं, हातपाय धू, जेवायला बस. मधल्या वर्षांचं तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली, कायमची. तेव्हापासून मला एकच टोचत होतं, विचारायला हवं होतं का? मग हे पुस्तक हाती आलं. मला वाटलं, असंच असेल. खाली गेली असेल, जिथे रंग नाहीत. आपला दिवा आपण लावून राहिली असेल. प्रत्येक गोष्ट सांगण्यासारखी असतेच असं नाही." त्या थांबल्या. "तुमच्या चुकीने मला चार महिने झोप लागलीय नीट. तक्रार कसली करू?"

काकांनी कोटाची बटणं चाचपली.

"आता माझं एक ऐका," शिवणबाई म्हणाल्या. "या पुस्तकाचे टाके तुमचेच ना? तुमच्या हातची पुस्तकं मी वीस वर्षं वाचतेय. आधी उलगडून टाके बघते, मग गोष्ट. पूर्वी तुमचा टाका मुंगीसारखा ओळीत चालायचा. गेल्या वर्षापासून भरकटतोय. एकदा पुढे, एकदा मागे. चाचपत घातलेला टाका मला लांबून कळतो."

"वय झालं."

"वय हाताचं झालेलं नाही." त्यांनी सुई आणि दोरा काकांच्या हातात ठेवला. "ओवून दाखवा."

काकांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. सुई खिडकीकडे धरली. खिडकी होती, उजेड होता, सुई बोटांत टोचत होती, पण नेढं कुठेच नव्हतं. एकदा, दोनदा, पाचदा. दोरा हवेतच जात राहिला. त्यांचा हात मांडीवर पडला.

"नाही दिसत," ते म्हणाले. दीड वर्षात पहिल्यांदा. आणि लहान मुलासारखं त्यांना रडू आलं.

शिवणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "माझ्या आत्यालाही असंच झालं होतं. मोतीबिंदू. काढला, आता चष्म्याशिवाय शेजाऱ्यांच्या घरात काय चाललंय ते बघते."

"माझ्या वडिलांचा काढला आणि होतं नव्हतं तेवढंही गेलं."

"कधीची गोष्ट?"

"पन्नास वर्षं होतील."

"पन्नास वर्षांपूर्वी माझी आई पायाने यंत्र मारत होती. आता विजेवर चालतं," शिवणबाई म्हणाल्या. "चला, मी येते सोबत. पण आधी घरी सांगा."

घरी सांगणं सगळ्यात अवघड. अक्का खिडकीत बसून भाजी निवडत होती. काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं. तिचे हात थांबले.

"मला काय दिसत नाही असं वाटलं तुला?" अक्का म्हणाली. "मीठ म्हणून साखर घालतोस, पायमोजे दोन रंगांचे घालून जायचास. वर्षभर तुझ्या मोज्यांच्या जोड्या मीच रात्री लावून ठेवतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर डॉक्टरकडे जा म्हणावं लागलं असतं." तिने हातातली जुडी खाली ठेवली. "बाबांना त्या दिवशी मीच तयार केलं होतं. जा म्हणून मागे लागले होते. पुन्हा कुणाला जा म्हणायची माझी छाती नाही रे."

काका तिच्याजवळ बसले. बराच वेळ दोघांनी मिळून भाजी निवडली. काकांनी निवडलेली अक्का गुपचूप पुन्हा निवडत होती. शेवटी ती म्हणाली, "तू जा. मी म्हणणार नाही, पण तू जा. मी बाहेर बाकावर बसेन."

डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूच निघाला, पहिल्या डोळ्याची तारीख दिली दहा दिवसांनंतरची. काकांनी ठरवलं, ऑपरेशनच्या आधी आपली चूक आपल्या हाताने दुरुस्त करायची. न जाणो, पुढचं कुणी पाहिलंय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "नंतर करा की." काका ऐकेनात. मग बाईंनीच शिवणबाईंना आत यायची परवानगी दिली. "बाहेरच्या व्यक्तीला बांधणीच्या खोलीत प्रवेश नाही" अशी पाटी दारावर होती; ती बाईंनी स्वतः उलटी करून ठेवली.

शिवणबाई आल्या आणि आधी वीस सुया ओवून एका कापडावर ओळीने टोचून ठेवल्या. मग काकांनी दोन्ही पुस्तकं उसवली. शिवणबाई प्रत्येक फर्म्याची पहिली ओळ वाचत आणि काका तो उजवीकडे किंवा डावीकडे ठेवत. आकड्यांवर भिस्त ठेवायची नाही, असा ठरावच झाला होता.

"'आईंनी किल्ली पदराआड लपवली...'"

"कादंबरी."

"'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात...'"

काका थांबले. "तीन?"

"तीन म्हणतोय."

"बापरे. एकच सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात."

दुपारभर ते चाललं. कादंबरीची खरी पानं शिवणबाईंनी तेव्हा पहिल्यांदा वाचली. ती बाई पायऱ्या उतरून बंदरावर जाते, दूरच्या गावी सासूकडे राहते, कपाटाच्या किल्लीवरून भांडते, मग सासू आजारी पडते आणि तिची सेवा करण्यात वर्षं निघून जातात. शिवणबाई वाचत गेल्या आणि काका शिवत गेले, बोटाने अंतर मोजत, एक टाका, दुसरा टाका. एक सुई संपली की पुढची त्यांच्या बोटांत यायची.

वाचून झाल्यावर त्यांनी शेवटचा फर्मा मांडीवरच ठेवला.

"काय झालं? वाईट आहे?" काकांनी विचारलं.

"नाही, चांगलं लिहिलंय. ती सासू मेली ना, खरीखुरी वाटली." त्यांनी पान सारखं केलं. "पण ही त्या बाईची गोष्ट झाली. माझ्या बहिणीची ती दुसरी."

संध्याकाळी दोन्ही पुस्तकं दाबाखाली गेली. तीन दिवसांनी बाहेर काढली तेव्हा शिवणबाईंनी कादंबरीकडे पाहिलंही नाही. समुद्राचं पुस्तक आपल्या नावावर लिहून घेतलं आणि त्या घरी गेल्या.

ऑपरेशनच्या दिवशी अक्का बाकावर बसली, तिच्या शेजारी शिवणबाई. दोघींची ती पहिलीच भेट. काकांना आत नेलं, डोळ्यात थेंब घातले. ते जागेच होते. वर एक दिवा होता. तो पसरला, फुटला, त्याचे तुकडे गोल फिरले. मग त्यांतून रंग उसळले, ज्यांना काकांना नावं देता येईनात. कुणीतरी म्हणत होतं, "हलू नका, छान चाललंय." काका हलत नव्हते. ते खाली खाली उतरत होते, आणि अजिबात भीती वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, "उघडा सावकाश." काकांनी डोळा उघडला. समोर अक्का उभी होती. तिच्या अंगावर निळं लुगडं होतं. असं निळं की त्यांना आधी ते ओरडल्यासारखं वाटलं. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला.

"अक्का," ते म्हणाले, "किती म्हातारी झालीस गं तू!"

"मेल्या," अक्का म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. दाराशी उभ्या असलेल्या शिवणबाईंनी तोंड फिरवून खिडकीचा पडदा तपासायला घेतला. टीप वाकडी होती म्हणे.

दुसऱ्या डोळ्याचं दोन महिन्यांनी झालं. तोवर काकांना सक्तीची रजा होती आणि त्यांची बांधणीची खोली आठवड्यातून दोन दिवस शिवणबाई सांभाळत होत्या. ग्रंथपालबाईंनी वरिष्ठ कार्यालयाला त्यासाठी असं काही पत्र लिहिलं की, ते वाचून तिथल्या साहेबांना वाटलं, ही सोय आपल्यालाच सुचली.

मधल्या काळात दुर्बिणीचं निराळंच झालं. ते एक दिवस खालच्या मजल्यावर आले. त्यांना तिथे पाहून जिन्यावरच्या लोकांनी पाय आखडून घेतले. कपाटांपुढे उगाच दोन चकरा मारून ते टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "ती एक कादंबरी होती. किल्लीची."

"कुठली किल्ली?" ग्रंथपालबाईंनी मुद्दाम विचारलं.

"कपाटाची. मी मधलीच पानं वाचलीत. आधी काय झालं होतं आणि नंतर त्या सुनेचं काय होतं, हे... म्हणजे अपुरी नोंद बरी नाही." त्यांचे कान लाल झाले होते. कादंबरी घेऊन ते निघाले, आणि दारापर्यंत काही पोचले नाहीत. पाचव्या पायरीवरच बसले.

रजेच्या शेवटच्या आठवड्यात काका वाचनालयात आले ते नोकर म्हणून नाही. टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "बाई, मला सभासद करून घ्या."

ग्रंथपालबाईंनी अर्ज पुढे केला. काकांनी तो स्वतःच्या हाताने भरला. पेन अगदी हलक्या हाताने टेकवत, अक्षर बघत. मग ते जिना चढून वर गेले. वर दोनच माणसं होती; खिडकीशी शिवणबाई, पुढ्यात मेंदूवरचं पुस्तक, आणि दूर कोपऱ्यात कुणी एक डुलकी घेणारा. काकांनी कपाटातून पक्ष्यांवरचं एक पुस्तक घेतलं. त्यांनीच कधीतरी बांधलेलं. शिवणबाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, ओळीखाली बोट धरून.

तासभर गेला. खिडकीतून ढग जात होते आणि त्यांची सावली पानावरून सरकली की काका थांबायचे, ती जाऊ द्यायचे आणि पुढे वाचायचे.

"ऐकलंत का," ते मधेच म्हणाले. "काही समुद्रपक्षी उडता उडताच झोपतात. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो. आणि पडत नाहीत."

शिवणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "कितवं पान?"

"अठरावं."

"मग आत्ताच सगळं सांगून टाकू नका," त्या म्हणाल्या. "तुमचं झालं की मी नेणार आहे ते."

काकांनी मान डोलावली आणि पान उलटलं.